धरणारं आणि सोडणारं पायडल

अण्णांचा डावा पाय पायडलला बांधलेला मी पहिल्यांदा पाहिला तो कलबुर्गीच्या एका दवाखान्यात. सायकल व्यायामाची, जागची न हलणारी होती. व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी त्यांचं पाऊल पायडलवर ठेवलं, वरून चिकटपट्टा ओढून घेतला आणि म्हणाल्या, "आता फिरवा." अण्णा फिरवू लागले. उजवा पाय जोर लावत होता आणि डावा त्याच्यामागून नाइलाजानं फिरत होता.

थोड्या वेळानं अण्णा माझ्याकडं वळून म्हणाले, "तम्मा, कवाचं पायडल मारायलोय, पण ही समोरची भिंत काय जवळ येईना बघ."

अण्णा माझे थोरले भाऊ. आमच्या गावची, मादन हिप्परग्याची शेती तेच बघतात. मी बिदरला मैलूरमध्ये राहतो आणि एका प्रशिक्षण संस्थेत फिटरचं काम शिकवतो. लोखंड कापायचं, घासायचं, भोकं पाडायची, दोन भाग एकमेकांत नीट बसवायचे. आमच्या घरात धाकट्या भावाला तम्मा म्हणतात, त्यामुळं डोक्यावरचे केस पांढरे झाले तरी अण्णांसाठी मी तम्माच राहिलो. आदल्या वर्षी तुरीची रास चालू असताना अण्णांना लकवा आला. वेळेवर दवाखान्यात नेता आलं म्हणून बोलणं शाबूत राहिलं, हातही बराचसा परत आला. पाय मात्र अर्धाच आला. मांडी आणि गुडघा सांगितलेलं ऐकायचे. घोट्याखालचं पाऊल ऐकत नव्हतं. ते लोंबायचं आणि चालताना बोटं जमिनीला घासायची.

आजारपणाआधी अण्णा रोज सायकलवर शेताला जायचे. घरात मोटारसायकल होती, पण तिचा गियर डाव्या पायाचा, म्हणजे ती गेलीच. चालत जायचं तर निम्म्या वाटेवर पाय दमायचा. कुणीतरी मागं बसवून न्यायचं आणि कुणीतरी आणायचं, हे त्यांना अजिबात आवडत नव्हतं. म्हणून त्या दिवशी दवाखान्यातून निघताना त्यांनी बाईंना सरळच विचारलं, "खरी सायकल चालवू का?"

बाईंनी त्यांना एका पायावर उभं करून पाहिलं, डोळे मिटून उभं करून पाहिलं. "तोल चांगला आहे तुमचा," त्या म्हणाल्या. "पण मोकळं ठेवलं तर हे पाऊल पायडलवरून घसरणार. आणि बांधून टाकलं तर थांबताना तुम्ही उतरणार कसे?"

बसमध्ये बसल्यावर अण्णा खिडकीतून बाहेर बघत राहिले आणि माझ्या डोक्यात बाईंचं ते बोलणं फिरत राहिलं. धरायलाही पाहिजे आणि सोडायलाही पाहिजे. मी आयुष्यभर घट्ट बसणाऱ्या वस्तू बनवायला शिकवलं होतं. जी घट्ट बसेल, पण नेमक्या वेळी आपण होऊन सुटेल, अशी वस्तू मी कधी बनवली नव्हती. अण्णांच्या पायाची काळजी होतीच, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त मला त्या कोड्याचंच कुतूहल लागलं होतं.

वहिनींना आमचा विचार कळला तेव्हा त्या भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "भावजी, तुमी बिदरला जाऊन बसणार. हितं हे पडले तर उचलायचं कुणी?"

"पडू नयेत म्हणूनच करायलोय की, वहिनी."

"आधी तुमी पडून बघा," त्या म्हणाल्या.

मी तसंच केलं. बिदरला आल्यावर एका जुन्या पिशवीचा पट्टा काढून माझ्या सायकलच्या डाव्या पायडलवर शिवून घेतला. पाऊल आत सरकवायचं आणि पट्टा ओढायचा. मैलूरच्या आमच्या गल्लीतून निघालो तेव्हा छान वाटत होतं. पाय पायडलचाच भाग झाल्यासारखा. चौकात एक रिक्षा आडवी आली, मी ब्रेक दाबला, सवयीनं डावा पाय टेकवायला गेलो आणि पाय आलाच नाही. सायकलसकट मी डाव्या अंगावर आडवा झालो, भाजीच्या गाड्याला लागून. गाड्यावरची बाई आधी घाबरली. मग खाली वाकून माझ्या पायाकडं बघत म्हणाली, "पाँव कायकू बांदके चलारे जी?"

कोपर सोलून निघालं होतं. मी तिथंच बसून पट्टा सोडवत होतो आणि ती बाई, रिक्षावाला आणि आणखी दोघं बघत उभे होते.

बिदरमध्ये सुट्टीच्या दिवशी सकाळी काही हौशी लोक हेल्मेट घालून, महागाच्या सायकली घेऊन किल्ल्याच्या बाजूनं फिरतात. त्यांच्या बुटांना पायडलमध्ये अडकणारं काहीतरी असतं असं मी ऐकलं होतं. पुढच्या रविवारी चहाच्या टपरीपाशी त्यांना गाठलं. त्यांच्यातल्या एक बाई बँकेत नोकरीला होत्या. त्यांनी मोकळेपणानं बूट उलटा करून दाखवला. तळव्याला एक छोटी धातूची जीभ होती. पायडलमध्ये स्प्रिंगचा जबडा. वरून दाबलं की टक्‌ करून जीभ जबड्यात बसते. कितीही वर ओढा, पुढं ढकला, निघत नाही. टाच बाहेर वळवली की मात्र लगेच सुटते.

"टाचच का?" मी विचारलं.

"पायडल मारताना आपण टाच कधी अशी वळवत नाही ना," त्या म्हणाल्या. "म्हणून."

मी चहा तसाच धरून उभा राहिलो. केवढी साधी गोष्ट होती! पायडल मारताना पाय वर जातो, खाली येतो, थोडा पुढंमागं होतो. ह्या सगळ्या दिशांना कुलूप लावायचं आणि जी हालचाल पायडल मारताना होतच नाही तिथं दार ठेवायचं. त्या बाईंनी मला त्यांच्या सायकलवर बसवलंसुद्धा, एका हातानं हँडल धरून. मी बूट अडकवायचो, सोडवायचो, पुन्हा अडकवायचो. त्यांचे सोबती निघून गेले तरी माझं चालूच होतं.

तसा जबडा मी कपाटाच्या दाराला लावायच्या स्प्रिंगच्या खटक्यापासून बनवला. माझ्या पायाला तो झकास चालला. मग बस बदलत बदलत मादन हिप्परग्याला गेलो. अण्णांची सायकल अंगणात स्टँडवर लावली, पायडल बसवलं, टाचेमागं पट्टा असलेल्या त्यांच्या चपलेच्या तळाला जीभ ठोकली आणि त्यांना वर बसवलं. पाय टक्‌ करून बसला. अण्णा खूश झाले. मी म्हणालो, "आता टाच बाहेर वळवा."

अण्णांनी खाली पायाकडं पाहिलं. कपाळावर आठ्या आल्या, मानेची शीर फुगली, पण टाच काही वळेना. पाऊल होतं तसंच पडून राहिलं.

"मी तर वळवायलोय," ते म्हणाले. "पर तेला कुठं कळायलंय?"

चपलेचा पट्टा सोडून आम्ही त्यांना खाली उतरवलं. घोटाच वळत नाही अशा माणसासाठी मी घोटा वळवून उघडायचं दार केलं होतं. हे मला बिदरलाच सुचायला हवं होतं. वहिनींनी चहा आणून ठेवला.

अण्णाच म्हणाले, "तम्मा, माझा पाय काय काय करतंय ते तरी आधी बघ. उगं तुझ्या पायावरून माझं पायडल कामून करायलास?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तेवढंच केलं. साधं, मोकळं पायडल लावलं. सायकल स्टँडवरून काढली. अण्णा वर बसले, मी डाव्या बाजूनं आणि वहिनी उजव्या बाजूनं सायकल धरून उभ्या. मग मी सायकल हळूच डावीकडं कलती करायची आणि अण्णांनी काही ठरवून करायचं नाही, शरीर काय करतंय ते होऊ द्यायचं. पहिल्या वेळी अण्णांनी माझा खांदाच पकडला. दुसऱ्या वेळी हसू आलं. नंतर जमलं. सायकल कलली की त्यांची मांडी आपोआप बाहेर फाकायची आणि तिच्यामागून ते लोंबतं पाऊल पायडलवरून बाहेरच्या बाजूला सरकायचं. वर उचललं जात नव्हतं, वळत नव्हतं. सरळ बाहेर, जमीन शोधायला.

"परत पाडा," वहिनी म्हणाल्या. आता त्या वाकून पायाकडं बघत होत्या. पुन्हा कलती केली. पुन्हा बाहेर. "आता माझ्याकडं पाडा." उजवीकडं कलल्यावर डावं पाऊल जागचं हललं नाही, उजवा पाय खाली टेकला. वहिनी म्हणाल्या, "मग हिकडच्या अंगाला पडले तर भ्यायचं काम न्हाई. फकस्त तिकडचं बघा."

ती सगळी सकाळ आम्ही तिघं अंगणात सायकल पाडत होतो. रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काय करायल्यात ओ?" अण्णा म्हणाले, "पडायला शिकायलोय, मामा." म्हातारा मान हलवून पुढं गेला.

म्हणजे दार बाहेरच्या बाजूला ठेवायचं, एवढं ठरलं. पुढं बोटांकडं एक उभी कड, आत दांडीकडं एक कड, मागं एक बुटकी कड आणि बाहेरची बाजू मोकळी. पण वरून पाऊल धरणार कोण? पायडल वर येताना डावा पाय उचलला जायचा आणि तेवढ्यात जागा सोडायचा. पट्टा लावला तर बाहेर सरकणं बंद.

त्याचं उत्तर माझ्या संस्थेच्या वर्कशॉपमध्ये पडलेलं होतं. मोडक्या लाउडस्पीकरमधून काढलेला एक चुंबक आम्ही लोखंडाचा कीस गोळा करायला ठेवतो. त्याला एक कानस चिकटली होती. ती सरळ उपटायला गेलो तर चुंबकासकट वर आली. मग नेहमीसारखी बाजूला सरकवली आणि ती निघाली. पुन्हा चिकटवली, पुन्हा सरकवली. सरळ ओढलं तर हटून बसणारी वस्तू आडवी ढकलली की फारशी कुरकुर न करता सुटत होती. कानस कितीदा चिकटवली आणि काढली कुणास ठाऊक. वर्कशॉपचं दार लावायला आलेले शिपाई म्हणाले, "सर, घरला जायचं न्हाई का?"

भंगारवाल्याकडून मी आणखी स्पीकर आणले. पहिल्या चुंबकाच्या दोन्ही बाजूंच्या लोखंडी चकत्या ठोकून काढल्या, वाटलं नुसता चुंबक जास्त जोरदार असेल. झालं उलटंच, तो मऊ पडला. मागची चकती परत लावली तर जोर वाढला. असं का होतं ते मी पुस्तकात वाचलं होतं आणि परीक्षेत लिहिलंही होतं, पण हाताला ते त्या दिवशी कळलं. पायडलवर दोन चुंबक मागच्या चकतीसकट बसवले, तिन्ही बाजूंना कडा काढल्या. चपलेखाली लोखंडाचा पत्रा.

गावाला जाऊन लावलं तर आता उलटीच अडचण आली. पाय इतका घट्ट बसला की बाहेर सरकवताना अण्णांची पुरी सायकल हलायची. चुंबक आणि पत्रा यांच्यामध्ये काहीतरी पाहिजे होतं, थोडं अंतर ठेवणारं. वहिनी शिवणकाम करतात. त्यांनी जुन्या रेक्झिनचे तुकडे कापून दिले. एक पदर लावला, घट्टच. दोन लावले, जरा सैल. तीन लावले तर पायडल वर येताना पाऊल सुटलं. मग वहिनी म्हणाल्या, "दोन रेक्झिनचे आणि एक पातळ कापडाचा लावून बघा." तो बरोबर बसला. अण्णा दर वेळी सांगायचे, "जड जायलंय," "आता हलकं," "हां, हे." डॉक्टर चष्म्याच्या काचा बदलत विचारतात ना, तसंच चाललं होतं. शेवटी वहिनींनी ते तीन थर कडेनं शिवून एकच गादी केली आणि चुंबकांवर चिकटवली.

नंतरच्या दिवशी सकाळी आम्ही शेताच्या वाटेला लागलो. मी सीटला मागून हात लावून धावत होतो. वहिनी मागून चालत येत होत्या, येणार नाही म्हणाल्या होत्या तरी. अण्णा आधी डगमगले, मग सायकल सरळ झाली. डावं पाऊल वर येत होतं, खाली जात होतं, जागचं हलत नव्हतं. मी धापा टाकायला लागलो तेव्हा अण्णा म्हणाले, "सोड की आता."

"सोडलंय कवाच," मी खोटं बोललो आणि मग खरंच सोडलं.

ओढ्याच्या पुलाच्या अलीकडं बाभळीखालून शेळ्यांचा कळप निघाला. अण्णांनी ब्रेक दाबला. मी बराच मागं होतो. सायकल डावीकडं कलली. त्यांची मांडी बाहेर गेली, चपलेचा पत्रा मोकळ्या बाजूनं खरकन सरकला आणि पाऊल सुटून जमिनीवर आलं. घोटा मुडपला. ते एका गुडघ्यावर बसले, सायकल त्यांच्या मांडीला टेकून राहिली. मी पोचेपर्यंत शेळ्या त्यांच्या दोन्ही बाजूंनी निघून चालल्या होत्या.

"लागलं का?"

"न्हाई." ते पायडलकडं बघत होते. एका हातानं त्यांनी चप्पल पायडलवर ठेवली, चिकटली, बाहेर सरकवली, सुटली. "सोडलं की रे ह्यानं," ते म्हणाले. "मी काय केलंच न्हाई. आपून सोडलं."

वहिनी आल्या. गुडघ्याची माती पदरानं झटकली आणि बराच वेळ हात तिथंच ठेवला. त्यांना रडू आलं होतं की धापेनं तसं वाटत होतं, मला सांगता येणार नाही. मग त्या अण्णांना म्हणाल्या, "बसा परत. शेत काय हितं न्हाई."

अण्णा बसले आणि शेतापर्यंत गेले. आजारपणानंतर पहिल्यांदा स्वतःच्या पायडलवर. विहिरीपाशी बसून ते पाणी प्यायले आणि तुरीच्या ओळी बघत राहिले. मी मात्र खाली बसून पायडल बघत होतो, कारण तिथं मला एक नवीनच गोष्ट दिसली. चुंबकाच्या कडेला बारीक काळी दाढी उगवली होती. हात लावला तर मऊ, केसांसारखी उभी. आमच्या काळ्या मातीत लोखंडाचे कण आहेत हे मला ठाऊक नव्हतं. अण्णा हयातभर त्या मातीत राबले होते, त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांनी मूठभर माती घेऊन पायडलवर धरली आणि कण टिपटिप उडून चिकटताना बघत राहिले. "हे बघ, हे बघ," करत वहिनींनाही दाखवलं. मग बांधावरची माती, विहिरीजवळची माती, पाटातला गाळ, सगळं धरून पाहिलं. गाळाची दाढी सगळ्यात लांब आली.

त्या दाढीनं त्रासही दिला. ती वाढली की पत्रा नीट बसत नाही आणि पकड सैल होते. म्हणून सायकलच्या हँडलला एक फडकं बांधलं आहे, शेतावर पोचलं की पायडल पुसायचं. पावसाळ्यात मात्र काहीच चालत नाही. काळी माती चपलेखाली अशी लडबडते की पत्रा चुंबकापर्यंत पोचतच नाही. त्या महिन्यांत अण्णा कुणाच्या तरी मागं बसून जातात आणि चिडचिड करतात. चपलेतला पत्रा फरशीवर वाजतो म्हणून ती दाराबाहेरच काढायची असा वहिनींचा नियम आहे. मी दोनदा गादी बदलून दिली. दुसऱ्या वेळची जरा जाड झाली होती, तर अण्णांनी फोन करून सांगितलं, "हलकं झालंय, तम्मा. कापडाचं काढ." एवढ्या पातळ पदराचा फरक त्यांच्या मांडीला कळत होता. त्या पायाला आता काय काय कळतं हे मी त्यांना अधूनमधून विचारत असतो. व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी त्यांना पुन्हा तपासलं तेव्हा मांडीत जोर वाढला होता. घोटा तसाच आहे. तो येईल असं बाई म्हणाल्या नाहीत आणि अण्णांनी विचारलंही नाही.

मध्यंतरी मी गावी असताना गाणगापूरहून एक बाई आमच्याकडं आल्या. तिथं यात्रेकरूंसाठी त्यांचं हारफुलांचं दुकान आहे. अण्णांची सायकल त्या बाईंच्या भावानं पाहिली होती. लहानपणापासून बाईंचा डावा पाय बारीक आहे. सायकल येते, पण पाय टिकत नाही. मी मोठ्या उत्साहानं त्यांना अण्णांची चप्पल घालायला दिली आणि अण्णांच्या पायडलवर बसवलं. चार फेऱ्यांत पाऊल सुटलं. पुन्हा बसवलं, पुन्हा सुटलं. वाकून पाहिलं तर त्यांचं पाऊल दर फेरीला आपोआप बाहेरच सरकत होतं, म्हणजे आमचं दार नेमकं त्यांच्या वाटेवर होतं.

"मग माझं होत न्हाई का?" त्यांनी विचारलं.

अण्णा ओसरीवरून उठून आले, पाय ओढत. ते बाईंच्या पावलाशी खाली बसले. "अक्का," ते म्हणाले, "जरा हळू फिरवा. मागं येताना काय करायलंय ते बघू दे."

त्या हळू फिरवू लागल्या. मीही अण्णांच्या शेजारी जमिनीवर बसलो.